बॅटरी गेली म्हणण्याआधी

मागच्या अंकात सहज लिहून गेलो होतो की लॅपटॉपच्या बॅटरीचं काही विचारायचं असेल तर पाठवा, तर एवढे प्रश्न आलेत की सगळे घेणं शक्य नाही. एकसारखे होते ते एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय. मी काय इंजिनिअर वगैरे नाही, सांगलीत हरभट रोडच्या आतल्या एका बोळात दुकान आहे, स्क्रू खोलण्यात आयुष्य चाललंय, तेव्हा जे रोज टेबलावर दिसतं तेच सांगतो.

प्रश्न (तासगाव, बेदाण्याचे व्यापारी) : लॅपटॉप घेऊन दोन वर्षं झाली. गोडाऊनच्या ऑफिसात टेबलावरच असतो, टॅलीचं काम, सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत अडॅप्टर लावलेलाच. म्हणजे बॅटरी आम्ही वापरलीच नाही. तरी आता लाईट गेली की वीस मिनिटांत बंद पडतोय. दुकानदार म्हणतोय ओव्हरचार्ज होऊन गेली. न वापरता बॅटरी जाते कशी?

काका, दुकानदार अर्धं बरोबर बोलतोय. ओव्हरचार्ज वगैरे काही झालेलं नाही, ते होऊच देत नाहीत. बॅटरीच्या आत एक छोटं सर्किट असतंय, १०० टक्के झाले की ते चार्जिंग तोडतं आणि लॅपटॉप सरळ अडॅप्टरवर चालतो. मग खराब कशी झाली, तर ती भरलेली राहिली म्हणून. आणि गरम राहिली म्हणून. दोन्ही एकदम.

आता हे जरा नीट सांगतो कारण निम्म्या पत्रांचं उत्तर यातच आहे. लिथियम आयन सेल (बॅटरीच्या आत असे तीन-चार असतात) पूर्ण भरला की त्याचा व्होल्टेज साधारण ४.२ असतो, आणि त्या व्होल्टेजला आतला द्रव स्वस्थ बसत नाही, इलेक्ट्रोडवर, म्हणजे आतल्या पट्ट्यांवर, त्याचा एक थर धरायला लागतो. तुमच्याकडं बोअरचं पाणी असेल तर गिझरची कॉईल काढून बघा, कसा पांढरा क्षार बसलेला असतो, तसंच समजा. पहिला पातळ थर चांगलाच असतो, तो नसेल तर सेल चालणारच नाही, पण नंतर तो जाड होत जातो आणि त्यात कामाचं लिथियम अडकून पडतं, ते परत मिळत नाही. पाणी जितकं गरम तितका क्षार लवकर, इथंही तेच. ढोबळ हिशोब असा की २५ डिग्रीला सेल ४० टक्के भरून वर्षभर नुसता ठेवला तर चारेक टक्के ताकद जाते, पूर्ण भरून ठेवला तर वीसेक टक्के जाते, आणि ४० डिग्रीत पूर्ण भरून ठेवला तर पस्तीसेक टक्के. नुसता ठेवून बरं का, एक पैशाचं काम न करता.

आता तुमचं ऑफिस डोळ्यासमोर आणा. पत्र्याचं गोडाऊन, मार्च ते मे तासगावचं ऊन, लॅपटॉपखाली बहुतेक रेक्झिनची चादर किंवा खतावणीचं रजिस्टर, पंख्याच्या जाळीत बेदाण्याची धूळ. बाहेर ४० तर लॅपटॉपच्या पोटात ५० सहज. आणि बॅटरी रोज १०० वर. म्हणजे वापरली नाही म्हणून टिकायला हवी होती हे उलटंय, तुमचा मुलगा कॉलेजला नेऊन रोज ऐंशीपासून तीसपर्यंत वापरत असता तर कदाचित यापेक्षा बरी राहिली असती.

करायचं काय, तर आता नवी बॅटरी टाकाल तेव्हा पहिल्याच दिवशी चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्याला लावून टाका. लेनोव्होत व्हँटेज नावाच्या प्रोग्राममध्ये कॉन्झर्वेशन मोड म्हणून आहे, असूसमध्ये मायअसूसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग, डेल आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलला बायोसमध्येच (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडतं ते सेटिंगचं पान) सोय असते. एकदा लावलं की विसरा, अडॅप्टर दिवसभर राहू दे, काय होत नाही. लाईट जाते तेव्हा वीस टक्के कमी मिळतात एवढंच, पण बिल सेव्ह करून नीट बंद करायला तेवढं पुष्कळ. आणि पंख्याची जाळी वर्षातनं एकदा तरी कुणाकडनं साफ करून घ्या. स्वतः कंप्रेसरनं हवा मारू नका, पंखा उलटा भणाणतो आणि बेअरिंग जातं, असले दोन मी बदललेत.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी) : माझा लॅपटॉप ४० टक्के दाखवतो आणि अचानक ६ वर येऊन बंद होतो. परवा सबमिशनच्या व्हायव्हात झालं. बॅटरी गेली का सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे? मैत्रीण म्हणते विंडोज नवीन टाक.

विंडोज टाकू नकोस ताई, एक दिवस वाया जाईल. आधी बॅटरीला विचार ती काय म्हणते. विंडोजमध्ये याची सोय आतच असते आणि फुकट, तरी लोक दुकानात येऊन दोनशे रुपये देतात (मी घेत नाही, हे इथं लिहून ठेवतो). स्टार्टमध्ये सीएमडी टाईप कर, काळी खिडकी उघडेल, तिथं इंग्रजीत पॉवर हा शब्द लिही, त्याला चिकटूनच सी एफ जी, मग एक मोकळी जागा, मग तिरकी रेघ जी प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती, आणि तिला चिकटून बॅटरी रिपोर्ट हे दोन शब्द जोडून. एंटर. खाली एक ओळ येते त्यात फाईल कुठं ठेवली ते लिहिलेलं असतं, ती ब्राउझरमध्ये उघड.

त्यात वरच दोन आकडे आहेत, डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. पहिला म्हणजे कंपनीतनं निघाली तेव्हा किती मावत होतं, दुसरा म्हणजे आज किती मावतं. समज पहिला ४२,००० आणि दुसरा २३,५०० असला तर बॅटरी ५६ टक्के उरली, म्हणजे स्क्रीनवर १०० दिसतात ते मूळच्या ५६ चे १०० आहेत. माझा अंदाज असा चालतो की ८० च्या वर असेल तर बॅटरीला दोष देऊ नका, दुसरीकडं शोधा, ६० ते ८० मध्ये असेल तर वापरत रहा, ५० च्या आसपास आली आणि असे धक्के देत असेल तर पैसे बाजूला काढायला लागा. त्याच पानावर सायकल काउंट पण असतो बऱ्याच लॅपटॉपला. एक सायकल म्हणजे एकदा चार्जर लावला असं नाही, एकूण १०० टक्के वापरले की एक, आज ५० उद्या ५० मिळून एकच. साधारण तीनशे ते पाचशे सायकलनंतर बॅटरी ८० टक्क्याच्या आसपास येते, काही चांगल्या बॅटऱ्या हजारापर्यंत जातात, ॲपलच्या सध्याच्या मॅकबुकना हजारचाच आकडा दिलेला असतो.

आता ४० वरनं ६. याची दोन कारणं. एक, टक्के दाखवणारा मीटर भरकटलाय. बॅटरीत किती आहे हे कुणी डबा उघडून मोजत नसतं, आत किती गेलं बाहेर किती आलं याची चिप बेरीज वजाबाकी करत असते आणि महिनोन्महिने अर्धवट चार्ज करत राहिलं की ती बेरीज चुकत जाते, किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखं. त्याला उपाय आहे. एखाद्या रविवारी १०० पर्यंत चार्ज कर, तसाच तासदोन तास लावून ठेव, मग अडॅप्टर काढून आपोआप बंद पडेपर्यंत वापर, आणि मग मध्ये न काढता परत १०० पर्यंत. याला कॅलिब्रेशन म्हणतात. हे वर्षातनं दोनतीनदा पुरे, दर आठवड्याला करू नकोस, त्यानं बॅटरी सुधारत नसते, फक्त मीटर सुधारतो.

हे करूनही ४० लाच पडत असेल तर दुसरं कारण, म्हणजे सेल. आत एका ओळीत तीन किंवा चार सेल जोडलेले असतात, त्यातला जो सगळ्यात अशक्त असेल त्याचा व्होल्टेज खाली गेला की सर्किट सगळ्यांनाच तोडतं, बाकीच्यात माल शिल्लक असला तरी. व्हायव्हात प्रोजेक्टर लावलेला, स्क्रीन फुल ब्राईट, मॅटलॅब वगैरे चालू, म्हणजे एकदम ओढ बसली आणि तो अशक्त सेल बसला. नुसतं वर्ड उघडून बसलीस तर बहुतेक तेच ४० टक्के तासभर चालतील. बघ करून, तसं झालं तर बॅटरी बदलायचीच.

प्रश्न (कराड) : ८० टक्क्याला चार्जिंग थांबतं, प्लग्ड इन नॉट चार्जिंग असं येतं. वॉरंटी संपत आलीय, नेऊ का?

नेऊ नका. वर तासगावच्या काकांना जे लावायला सांगितलं ते तुमच्यात आधीच लावलंय, कुणीतरी किंवा लॅपटॉपनं स्वतःच. ५५-६० ला थांबत असेल तरी तेच, जुन्या काही मॉडेलला मर्यादा तेवढीच असते. प्रवासाला जायच्या आदल्या रात्री बंद करा, आल्यावर परत लावा.

पण हाच मेसेज ०, १२, ३७ अशा कुठल्यातरी आडव्या आकड्याला येत असेल तर मात्र अडॅप्टर बघा. काही कंपन्यांच्या गोल पिनेच्या मधोमध एक सुईसारखी बारीक पिन असते, तिच्यातनं लॅपटॉप अडॅप्टरला ओळखतो. ती वाकली किंवा वायर आतनं तुटली की लॅपटॉप अडॅप्टरवर चालतो पण बॅटरीला एक थेंब देत नाही, आणि माणूस नवी बॅटरी घेऊन येतो. ओळखीच्या कुणाचा तसलाच अडॅप्टर दोन मिनिटं लावून बघायचा, एवढंच. तेही बरोबर असेल तर लॅपटॉप बंद करा, अडॅप्टर काढा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग अडॅप्टर लावून चालू करा. हसू नका, बऱ्याचदा चालतं, आतल्या कंट्रोलरचं डोकं अडकलेलं असतं ते मोकळं होतं.

प्रश्न (मिरज, गृहिणी, घरून शिकवणी घेतात) : महिन्याभरापासून टचपॅडचं क्लिक दबत नाही. आता लॅपटॉप टेबलावर ठेवला की डुगडुगतो आणि झाकण नीट बसत नाही. मुलगा म्हणतो वरून वजन ठेवू. बाकी लॅपटॉप व्यवस्थित चालतोय म्हणून विचारते, टचपॅडला किती खर्च येईल?

ताई, हे वाचताय तेव्हा लॅपटॉप चालू असेल तर आधी बंद करा, अडॅप्टर काढा आणि मग पुढचं वाचा. टचपॅडला काही झालेलं नाही. बॅटरी फुगलीय. ती बरोबर टचपॅडच्या खाली असते, ती वर उचलली म्हणून क्लिक दबत नाही, खाली दाबली म्हणून डुगडुगतोय. व्यवस्थित चालतोय हीच यातली वाईट गोष्ट आहे, कारण फुगलेली बॅटरी बरेच दिवस व्यवस्थित चालते.

आतला द्रव हळूहळू कुजतो म्हणा, त्याचा गॅस होतो, आणि पातळ लॅपटॉपच्या बॅटऱ्या ॲल्युमिनियमच्या पाकिटात असतात त्यामुळं ते पाकीट पापडाच्या पुडीसारखं फुगतं. त्यातला गॅस आणि द्रव दोन्ही पेट घेणारे. म्हणून वजन ठेवायचं नाही, दाबायचं नाही, स्क्रू जास्त आवळून झाकण बसवायचं नाही. मागच्या दिवाळीच्या सुमारास एक गृहस्थ दुकानात आले, खिशात रुमालात गुंडाळलेली बॅटरी, म्हणाले हवा काढायला सुई टोचणार होतो पण बायको ओरडली. वहिनींना तिथनंच हात जोडले. सुई टोचली तर आतले दोन थर एकमेकाला टेकतात आणि तिथंच ठिणगी, रुमालासकट खिसा गेला असता.

तुम्ही एवढं करा, लॅपटॉप फरशीवर ठेवा, पडदा, गादी, वह्यांचा गठ्ठा याच्यापासून लांब, उन्हात नको. आणि आज-उद्या कुणाकडंही न्या पण बॅटरी काढून घ्या. बहुतेक लॅपटॉप बॅटरी काढूनसुद्धा अडॅप्टरवर चालतात, त्यामुळं शिकवणी थांबणार नाही, फक्त लाईट गेली की गेला. आणलीत तर रिक्षातनं मांडीवर घेऊन या, स्कूटीच्या डिकीत उन्हात नको. आणि कधी वाफ किंवा गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर हात लावत बसू नका, मेन बंद करून माणसं बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका ही विनंती, कचऱ्याच्या गाडीत दाबली जाते आणि गाडीच पेटते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला देता येते, नाहीतर अधिकृत ई-कचरावाल्याला. तोवर टोकांना चिकटपट्टी लावून पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर.

प्रश्न (जत तालुका, निवृत्त शिक्षक) : एक, आमच्याकडे वीज येते-जाते, इन्व्हर्टरवर लॅपटॉप लावल्याने बॅटरी खराब होते का? दोन, बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी असे आम्ही पूर्वीपासून ऐकत आलो, ते कितपत योग्य? तीन, उन्हाळ्यात आम्ही दोन महिने मुलाकडे पुण्याला होतो, परत आल्यावर लॅपटॉप सुरूच होईना.

गुरुजी, तिसऱ्यापासनं सुरू करतो. जाताना लॅपटॉप नुसता झाकण मिटून ठेवला होता ना? झाकण मिटलं की तो झोपतो, बंद होत नाही, थोडं थोडं खात राहतो. आठवड्यात बॅटरी शून्यावर, आणि शून्यानंतर दीड-पावणेदोन महिने जतच्या उन्हाळ्यात बंद घरात. सेलचा व्होल्टेज फार खाली जाऊन तसाच बरेच दिवस राहिला की आतलं तांबं विरघळायला लागतं आणि मग सर्किटच त्याला कुलूप घालतं, कारण असला सेल परत चार्ज करणं धोक्याचं. आता एक दिवसभर मूळच्या अडॅप्टरला लावून ठेवा, तुम्ही घरात जागे असताना, दर अर्ध्या तासानं हात लावून बघा. काही वेळा जागी होते. नाही झाली तर बदला. व्होल्टेज बाहेरून देऊन उठवणारे कारागीर आहेत, मला जमतं पण मी करत नाही. पुढच्या वेळी जाताना ५०-६० टक्के ठेवून पूर्ण बंद करा, शिफ्टचं बटण दाबून धरून शटडाऊन केलं की खरं बंद होतं, आणि खोली जी थंड राहते, माळवद असेल तर माळवदाखालची, तिथं कपाटात ठेवा. पत्र्याखाली नको.

पूर्ण उतरवून चार्ज करायचं, हे तुम्ही ऐकलं तेव्हा बरोबर होतं. त्या निकेल कॅडमियमच्या बॅटऱ्या, त्यांना सवय लागायची. लिथियम आयन बाजारात आली १९९१ मध्ये, सोनीनं आणली, आणि तिला ती सवय नाही. उलट ती पूर्ण उतरली की तिला त्रास होतो. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच बॅटरीसाठी तिघांना मिळालं, त्यातले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, आणि तरी निवृत्त झालेले नव्हते, कामच करत होते. तर २०-३० ला लावा, ८० ला काढा, लक्षात राहिलं नाही तरी बिघडत नाही.

इन्व्हर्टर. अडॅप्टरच्या मागं बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे तुमच्याकडं १७० आले काय आणि २३० आले काय, तो सांभाळतो. साधा इन्व्हर्टर असेल तर अडॅप्टर जरा गुणगुणतो, थोडा जास्त गरम होतो, पण बॅटरीपर्यंत ते जात नाही. मारतो तो लाईट परत येतानाचा दणका आणि ढिला सॉकेट, ज्यात पिन घातली की चर्र आवाज येतो. त्या सॉकेटचे पन्नास-शंभर रुपये आधी खर्च करा, एक चांगला स्पाईक गार्ड लावा. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग बघा, जुन्या वाड्यात ते नुसतं नावाला असतं, खड्ड्यात पाणी घालायला कुणी उरलेलं नसतं.

प्रश्न (आटपाडी) : कंपनीची बॅटरी साडेचार हजार सांगतात, बाहेर बाराशेला मिळते. घेऊ का? आणि एक जण सेल बदलून देतो म्हणतोय.

कंपनीबाहेरची सगळी वाईट असते असं मी म्हणणार नाही, मीच विकतो. पण बाराशेची घेताना चार गोष्टी हातात घेऊन बघा. लेबलवर व्होल्ट आणि ॲम्पिअर-अवर असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-अवर, बॅटरीत एकूण किती मावतं ते. ११.४ गुणिले ३.६ म्हणजे ४१. आता लेबलवरच ११.४, ३.६ आणि पुढं ५५ असं छापलं असेल तर छापणाऱ्याला गुणाकार येत नाही किंवा तुम्हाला येत नाही असं त्याला वाटतंय. (विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी विना परवानगी चालते, म्हणून मोठ्या लॅपटॉपवर ९९ आणि पुढं काहीतरी असा आकडा दिसतो, ते काय योगायोग नाही.) दुसरं, भारतीय मानकाचा शिक्का, आयएस १६०४६ आणि आर पासून सुरू होणारा नंबर. तो नंबर बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. तिसरं वजन, जुनी एका हातात नवी दुसऱ्या हातात, नवी लक्षात येण्याइतकी हलकी असेल तर परत द्या. चौथं बनवल्याची तारीख, कारण बॅटरी डब्यात पण म्हातारी होते हे वर सांगितलंच, तीन वर्षं कुठल्यातरी गोडाऊनात पडलेली नवी बॅटरी नवी नसते. आणि घरी आणल्यावर पहिल्या दिवशी तो रिपोर्ट काढा, लेबलवर ४१ आणि रिपोर्टात ३०,००० (म्हणजे ३० वॅट-अवर, रिपोर्ट हजारपटीत दाखवतो) आलं तर बिल घेऊन परत जा. बिल मात्र घ्या, ते जीएसटीचे अठरा टक्के वाचवायच्या नादात वॉरंटी जाते.

सेल बदलून नको. पूर्वी मागं खटकन निघणाऱ्या जाड बॅटऱ्या होत्या, त्यात १८६५० चे गोल सेल असायचे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब म्हणून तो नंबर, ते बदलणारे चांगले कारागीर होते आपल्याकडं. पण सेल कुठले घालणार, दुसऱ्या मेलेल्या बॅटरीतले, आणि जोडणार सोल्डरिंग गननं थेट सेलच्या डोक्यावर गरम करून. शिवाय चिपला जुनाच आकडा पाठ असतो. मी स्वतः दहाबारा वर्षांपूर्वी केलेल्या दोन त्या चार महिन्यांत परत आल्या. तेव्हापासून बंद.

प्रश्न (वाई, कॉलेजचा मुलगा) : टाईप सी चार्जिंग आहे, मोबाईलचा चार्जर चालेल का? आणि बेडवर गेम खेळल्यानं काही होतं का?

बऱ्याचदा चालेल, पण फार हळू, आणि काही लॅपटॉप एवढा कमी वॅटचा चार्जर घेतच नाहीत. लॅपटॉपला ४५ किंवा ६५ वॅट लागतात आणि फोनचा साधा चार्जर १८-२० देतो, त्यामुळं बंद असताना रात्रभरात भरेल, चालू असताना फक्त उतरणं मंदावेल. नुकसान नाही. केबल मात्र चांगली असू दे.

बेडवर गेम, होतं ना बाबा. वाकळ आणि गादी लॅपटॉपच्या खालची हवा बंद करतात, गेम म्हणजे आत चूल पेटलेली, आणि तू वर चार्जिंगला लावून बसलेला. एक पाट घे खाली, जेवायचा. शंभर-दीडशेच्या कूलिंग पॅडपेक्षा पाट बरा. वाईच्या थंडीची मात्र काळजी करू नको, शून्याखाली चार्ज केलं तर बॅटरीला इजा होते पण ते आपल्याकडं महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठतं त्या एखाद्या पहाटेपुरतं, आणि त्या पहाटे तिथं बसून कोण गेम खेळतोय.

प्रश्न (गावभाग, सांगली) : २०१९ च्या पुरात वडिलांचा लॅपटॉप दोन दिवस पाण्यात होता. तेव्हा वाळवून कपाटात ठेवला तो तसाच आहे. वडील आता नाहीत. त्यात त्यांचे आणि आईचे फोटो आहेत. नवीन बॅटरी टाकून चालू होईल का?

चालू करायचा प्रयत्नच करू नका, आणि अडॅप्टर तर लावूच नका. कृष्णेचं पाणी घरात आलं ते काही नुसतं पाणी नव्हतं, गाळ, गटार, तेल सगळं होतं, ते आत वाळून बसलंय, बॅटरीच्या सर्किटवर हिरवा गंज चढलेला असणार. त्याला वीज दिली की नको तिथनं वाहणार.

पण फोटो बॅटरीत नाहीत आणि मदरबोर्डवर पण नाहीत, ते हार्ड डिस्कवर आहेत. त्या काळचा लॅपटॉप म्हणजे बहुतेक फिरणारी डिस्क. तिला एक बारीक छिद्र असतं हवेसाठी, त्यातनं पाणी आत गेलंय का हेच बघायचं असतं, आणि ते डिस्क फिरवायच्या आधी बघायचं असतं, नंतर नाही. म्हणून ऑनलाईन मिळणारी ती तीनशे रुपयांची केस (डिस्क आत घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची डबी) आणून घरी लावून बघू नका, गाळाचा एक कण पुरतो रेघ ओढायला.

लॅपटॉप आहे तसा एका डब्यात ठेवा, पुसू नका, उन्हात परत वाळवू नका, आणि घेऊन या, किंवा जवळच्या ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडं न्या. आधी बॅटरी काढायची, मग डिस्क काढून भिंगाखाली बघायची. छिद्राच्या आत डाग दिसला तर मी पुढं हात लावणार नाही, डिस्क उघडून काम करणारे लोक पुण्या-मुंबईत आहेत, त्यांच्याकडं पाठवू, खर्च ते आधी सांगतात. डाग नसला तर त्याच दिवशी संध्याकाळी फोटो बघायला मिळतील. येताना आईंना आणू नका पहिल्या दिवशी, आधी मी बघतो काय निघतंय ते.